जवानामृताची फक्की

हे मी कुणाला धीर यावा म्हणून लिहीत नाही. आजारी माणसाला धीर देणाऱ्यांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नसतो. माझ्या खाटेभोवती ते गुळाला मुंगळे लागावेत तसे जमले होते. मी लिहितो आहे ते रागानं. या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं पुन्हा पळताना दिसली, तीही भर दुपारी. एकाच्या खिशातून कसलीशी पुडी डोकावत होती. तिच्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. काय आहे म्हणून विचारलं.

"गुरुजी, एनर्जी हाय. याच्यानं स्टॅमिना वाढते."

"अन् पानी?"

"पळताना पानी पेलं का पोट दुखते न जी."

इतकी वर्षं गेली, पुडीचं नाव बदललं, चित्र बदललं, पण हे वाक्य जसंच्या तसं शाबूत आहे. मी त्या पोराला शाळेच्या माठापाशी नेऊन दोन पेले पाणी पाजलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

तेव्हा ज्यांची पोरं उन्हात पळतात त्यांनी वाचावं. डॉक्टरी पुस्तकातलं मला काही कळत नाही. मला ऊन लागलं, माझी मूत्रपिंडं बंद पडली आणि तरी मी मेलो नाही, एवढाच माझा अधिकार.

अमृतवाले

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मॅट्रिक होऊन मी करडीला घरी बसलो होतो. आमची थोडी धानाची शेती. धान निघालं की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पुढच्या पावसापर्यंत मोकळ्या आणि आम्हीही मोकळे. बाबांच्या मनात मात्र एकच होतं, घरात एक तरी वर्दी यावी. भंडाऱ्याला फौजेच्या भरतीसाठी तयारीचं शिबिर निघालं आहे हे कळताच त्यांनी मला आणि माझा वर्गमित्र शालिक याला एसटीत बसवलं आणि स्वतःही सोबत आले.

शिबिर एक निवृत्त हवालदार चालवत. छातीवर पदकं, खांद्यात गोळीची खूण. त्यांच्या शौर्याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यांची सगळी नोकरी डोंगरातल्या बर्फात गेली होती. पाणी ही स्टोव्हवर बर्फ वितळवून मिळवायची आणि जपून प्यायची वस्तू, असं त्यांच्या हाडात मुरलं होतं. अशा माणसाच्या ताब्यात मे महिन्यातल्या भंडाऱ्यात आम्हा एवढ्या पोरांना दिलं होतं. बाबांनी त्यांना हात जोडले आणि मास्तरांना म्हणतात तसं म्हणाले, "साहेब, चामडी तुमची, हाडं आमची."

"बेफिकर रहिए," हवालदारसाहेब म्हणाले. ते आमच्याच भागातले, पण मैदानावर पाय ठेवला की फौजी हिंदीशिवाय बोलत नसत.

दुसरे भाऊसाहेब. ते शिबिराचे आश्रयदाते. त्यांचं गावात औषधांचं दुकान होतं, पोट सफारीच्या बटणांना न जुमानणारं, आणि ते आयुष्यात कधी सुटलेली बस पकडायलासुद्धा पळाले नसतील. पण पळण्यावर बोलायला लागले की थांबत नसत. त्यांनी नुकतीच एका पावडरीची एजन्सी घेतली होती. तिचं नाव जवानामृत. केशरी रंगाचा डबा, वर बंदूकधारी जवान, आणि जवानाच्या शेजारी काठोकाठ भरलेल्या पेल्याचं चित्र.

पहिल्याच दिवशी त्यांनी डबा उंच धरून भाषण ठोकलं. "अमेरिकेतले खेळाडू पानी पीतच नाहीत. पानी आपल्यासारखे पितात, म्हणून आपन मागं. ते असलंच पेय पितात. घामातून जे जे जाते, ते सारं याच्यात हाय!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. अमेरिका कुठे आहे हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण ती मागं नाही एवढं माहीत होतं.

फक्की, मार!

आता मुद्द्याची गोष्ट. डब्यावर पेल्याचं चित्र होतं हे मी सांगितलं. इंग्रजीत पाण्यात विरघळवायचं असंही छापलं होतं. पण आमच्याकडे पावडर ही फाकायची वस्तू आहे. पोटात गुबारा धरला, ओव्याची फक्की मारा. खोकला आला, सुंठीची फक्की मारा. वैद्याचं चूर्ण असो, भाजलेल्या जिऱ्याची पूड असो, तळहातावर घ्यायची, मान मागं टाकायची आणि तोंडात टाकून वर घोटभर पाणी. पावडर पाण्यात कालवून पिणं हे लहान लेकरांचं आणि बाळंतिणींचं काम. तेव्हा डबा उघडल्यावर पाण्याचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही, आणि भाऊसाहेबांनी त्याला शास्त्राचा आधारही दिला.

"पान्यात कालवलं का ताकद पातळ होते," ते म्हणाले. "फक्की मारा. थेट रगतात जाते."

हवालदारसाहेबांना हे फारच पटलं, कारण त्यात पाणी वाचत होतं. त्यांनी त्याची कवायतच बसवली. आम्ही रांगेत उभे राहायचो, एक जण डबा घेऊन फिरायचा आणि प्रत्येकाच्या तळव्यावर चमचा उपडा करायचा. मग हुकूम सुटायचा:

"फक्की... मार! घोट... एक!"

एक म्हणजे एकच. दुसरा घोट घेताना कुणी सापडला तर मैदानाला एक फेरी जास्त. "पानी पिएगा तो पेट हिलेगा, पेट हिलेगा तो दौड़ेगा कैसे?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. वास्तविक मैदानाच्या कडेला उभं राहिलं की वैनगंगा दिसायची. उन्हाळ्यानं बारीक झाली होती खरी, पण नदी ती नदी. बायका धुणी धुवायच्या, म्हशी डुंबायच्या. म्हशींना कुणी एक घोट सांगितला नव्हता.

डोक्याला दुपट्टा बांधायचा नाही. "औरत है क्या?" आमच्या मायनं खिशात कांदा घालून पाठवलं होतं, लू लागू नये म्हणून. तो पहिल्या तपासणीतच जप्त झाला आणि असेच जप्त झालेले सगळे कांदे त्या दिवशीच्या भाजीत पडले. कांद्यानं लू थांबत असती तर कांदेवाले अमर झाले असते, हे मलाही कळतं. पण कांद्यानं निदान कुणाचं वाईट तरी होत नाही.

आणि खरं सांगायचं तर पावडर आवडायची. आंबट, खारट, गोड. शालिक म्हणायचा, "इमलीची गोळी कुटली व्हय हे." आम्ही दुसरा चमचा मागायचो. भाऊसाहेब कौतुकानं म्हणायचे, "पाहा, कसे शेर तयार होऊन राहिले!"

पडलो तो दिवस

सकाळची दौड सगळीच शिबिरं घेतात. आमच्या शिबिराची खासियत दुपारची. तिला "उन्हाची सवय" असं नाव होतं. जेवण झालं की थोडा वेळ मांडवात बसवायचे, मग फक्की, मग घोट, मग दौड.

त्या दिवशी सकाळपासूनच डोकं जड होतं. सांगितलं तर "बहाना" म्हणून फेरी वाढली असती, म्हणून गप्प राहिलो. पळायला लागल्यावर एक चांगलं वाटलं. घाम थांबला. बनियन अंगावरच वाळलं. मला वाटलं, लागली उन्हाची सवय, अमृत रक्तात पोचलं. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उन्हात पळता पळता घाम थांबला तर तो चमत्कार नव्हे, तिथंच सावलीत बसा. मला तर चक्क थंडी वाजायला लागली, अंगावर काटा आला. मग पाय कुणाचे आहेत ते कळेना. शालिक शेजारून पळत होता. तो म्हणाला, "तुळशा, तिरपा काहून जाऊन रायला गा?" मला वाटत होतं मी सरळ जातोय आणि मैदानच तिरपं झालंय.

पुढचं मला आठवत नाही, शालिकनं सांगितलेलं लिहितो. मी पडलो. हवालदारसाहेब आले आणि म्हणाले, "नाटक मत कर, उठ." मी उठत नाही हे बघितल्यावर भाऊसाहेबांनी निदान केलं, "ताकद गेली त्याची. फक्की द्या."

आणि बेशुद्ध पडत चाललेल्या पोराच्या तोंडात या दोन शहाण्यांनी आणखी एक चमचा जवानामृत कोंबलं. ते गिळलं गेलं नाही. त्याचा केशरी लगदा ओठांवरून हनुवटीवर आला. मग मला आकडी आली. त्यानंतर मात्र कुणाच्याही तोंडून फौजी हिंदी निघेना. भाऊसाहेबांची मोटार होती, पण सीट खराब होईल म्हणून की काय, मला नेलं ते बर्फाच्या हातगाडीवरून. बर्फवाला रस्त्यानं चालला होता, शालिकनं त्याला थांबवलं. वाटभर उरलेला बर्फ माझ्या अंगाखाली होता. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या की मोटारीत घातलं असतं तर बहुतेक पोचलोच नसतो. भाऊसाहेबांनी माझ्यावर केलेला एकमेव उपकार म्हणजे त्यांनी मोटार दिली नाही.

पान्यात नाही जी

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या, नव्यानंच बदलून आलेल्या, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी ओल्या चादरी टाकल्या, पंख्याखाली ठेवलं, सलाईन लावलं आणि विचारलं, "पाणी किती प्यायला होता?"

"भरपूर," भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या शिबिरात पान्याची कमी नाही."

"खाल्लं काय होतं?"

"सकाळी बाहेरचं काहीतरी उलटंसुलटं खाल्लं असंल," हवालदारसाहेब म्हणाले. या खेपेला मराठीत.

शालिक दाराशी उभा होता. शिबिरात आम्हाला बजावून ठेवलं होतं की जवानामृताची गोष्ट बाहेर बोलायची नाही, दुसऱ्या शिबिरांना कळता कामा नये. शिवाय भरतीला कोणती पोरं पाठवायची ती यादी हवालदारसाहेबांच्या हातात. शालिकचे वडील दुसऱ्याच्या बांध्यांत मजुरीला जायचे. १९५६ साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट, पोरानं शिकून नोकरीला लागायचं. शालिकला ही भरती माझ्याहून जास्त हवी होती. तो पुढे झाला.

"बाई, आमी पावडर खातो. जवानामृत. तीनदा."

"पाण्यात किती घालता?"

"पान्यात नाही जी. फक्की मारतो."

डॉक्टरबाईंना क्षणभर कळलंच नाही. शालिकनं तळहात पुढं करून, मान मागं टाकून दाखवलं. "अन् वरून एक घोट."

त्यांनी त्याला पावडरीची चव विचारली, डब्यावर काय छापलंय ते विचारलं, आणि मग ओरडल्याच. "सिस्टर, ही बाटली काढा! मीठ ठासून भरलंय या मुलात, आणि मी वरून मिठाचंच पाणी चढवतेय. ग्लुकोजची लावा."

वॉर्डात खळबळ उडाली. आमच्याकडे सलाईन म्हणजे देव. खेड्यातून माणूस आला की आधी "बाई, ताकदीची सलाईन लावा" असं म्हणतो, आजार मग सांगतो. चालू सलाईन काढलेली बघून शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक कुजबुजायला लागले, "काढली न गा! गेला वाटते पोट्टा."

भाऊसाहेब डॉक्टरबाईंना समजावायला लागले की पावडरीत अपायकारक काही नाही. ते खोटं नव्हतं. मीठ, साखर, लिंबाचं सत्त्व आणि रंग. तांब्याभर पाण्यात चिमूटभर टाकून प्यायलो असतो तर काही बिघडलं नसतं. सुधारलंही फारसं नसतं म्हणा. डॉक्टरबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही घेता?" ते म्हणाले, "मले बीपी हाय." त्यावर त्यांना वॉर्डाबाहेर काढण्यात आलं.

शालिकचं नाव दुसऱ्या दिवशी शिबिरातून कमी झालं. कारण, बेशिस्त. तो पुढे स्वतःच्या पायानं नागपूरच्या भरतीला गेला आणि लागला. त्याची बरीच नोकरी राजस्थानच्या वाळवंटात झाली. सुट्टीवर यायचा तेव्हा सांगायचा, तिथं पाणी न पिणाऱ्या जवानाला शिक्षा होते.

मोजून पाणी

शुद्धीवर आलो तेव्हा माय पायथ्याशी होती आणि बाबा खिडकीशी. दोघांच्या मध्ये माझी खाट, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिला शब्द तोंडातून निघाला तो "पानी." मला वाटलं, आता मिळेल. दवाखाना आहे, माय आहे, कोपऱ्यात माठ आहे. पण लघवी बंद झाली होती. पहिल्या दिवशी नळी घातली, तर काळपट चहासारखं थेंब थेंब आलं आणि मग तेही थांबलं. शेवटी नळी काढून टाकली. बाहेर काही जात नाही तोवर आत जास्त घालायचं नाही, असा डॉक्टरबाईंचा हुकूम. ज्याला पाण्यावाचून मारलं, त्याला आता वाचवण्यासाठी पाणी मोजून! मला हसायला यायला हवं होतं. मी लहान पोरासारखा रडलो. डोळ्यांतून मात्र पाणी आलं नाही.

एक सिस्टर होती, वयस्क, तोंडानं फटकळ. ती यायची, ओल्या कापसानं ओठ पुसायची, आणि कधीतरी बर्फाचा खडा जिभेवर ठेवून म्हणायची, "चोख. चावलास तर पुन्हा देनार नाही." आजवर मी लग्नाची जेवणं जेवलो, नागपूरचं कोल्ड्रिंक प्यालो, पण त्या खड्यासारखं काही तोंडात गेलं नाही. आजारपणात असली एखादी गोष्ट मिळते. ती मिळाली की भाषण न करता घ्यावी.

भीती वाटायची ती मरणाची कमीच. अंग सुजत चाललं होतं. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ओकारी यायची. आपण आतून भरत चाललोय आणि एक दिवस धरणासारखे फुटू, असं वाटायचं. हे मी मायला सांगितलं नाही, कारण तिचं वेगळंच चाललं होतं.

"हाडं आमची म्हणाले न?" ती बाबांना म्हणाली. इतक्या वेळानंतरचं तिचं पहिलं वाक्य. "घ्या आता हाडं. घेऊन जा घरी."

बाबा बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात दोन तांबे होते.

भेटायला येणारे

आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांवर खरं तर वेगळं पुस्तक लिहायला हवं. सगळे उभे राहून आधी मला न्याहाळायचे, मग मायला सांगायचे, "सुकला व्हय," आणि मी सुजलेलो असायचो. एक मामा म्हणाले की आमच्या गावात असाच एक पोरगा होता. पुढं काय झालं ते सांगताना मायकडे बघून त्यांनी विषय म्हशीवर नेला. कुणी अंगारा आणला, कुणी गोवऱ्यांची राख बेंबीवर लावायला सांगितली. एक तालुक्याचे पुढारी आले. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "देशाले असे जवान पाहिजेत." देशाला माझ्यासारखे कशाला हवेत ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि भाऊसाहेब आले. हातात नवा कोरा डबा. मायला म्हणाले, "बाई, अशक्तपना लय आला असंल. बरा झाला का रोज एक चमचा."

माय साधी बाई. मोठ्या माणसानं दिलेली वस्तू नाकारायची तिला सवय नव्हती. तिनं डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला. शालिकनं तिला सगळं सांगितलं होतं. ती डबा घेऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि अगदी पाहुण्याला आग्रह करावा तशी म्हणाली, "तुमी घ्या न आधी. हात करा."

"नाही बाई, मी आत्ताच जेवून..."

"चिमूटभर घ्या. माया पोरानं चमच्यानं खाल्लं. करा न हात."

सगळा वॉर्ड बघायला लागला. भाऊसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात पुढं केला. मायनं त्यावर डबा उपडा केला, तळवा भरून ढीग झाला, काही त्यांच्या सफारीवर सांडलं. ते तसेच मूठ धरून निघून गेले. ती मूठ त्यांनी कुठं रिकामी केली देव जाणे. दुकानात जवानामृत पुढे कितीतरी वर्षं विकलं गेलं, आणि मागं म्हणे बोर्ड होता की आमच्या शिबिरातला एक पोरगा मरणाच्या दारातून परत आला. कशानं आला ते बोर्डावर लिहिलं नव्हतं, पण बोर्ड डब्यांच्याच वर टांगला होता.

झाली का?

डॉक्टरबाईंनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं ते मला ऐकू आलं. उद्या सकाळपर्यंत लघवी झाली नाही तर नागपूरला न्यावं लागेल. तिथं रक्त साफ करायचं यंत्र आहे, चालू असलं तर आणि जागा असली तर. वाटेत काही होणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत.

मायनं विचारलं, "रगत धुतेत? मंग ते वापस भरतेत का?" बाबांनी "भरतेत" म्हटलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मग सगळा वॉर्ड माझ्या लघवीच्या मागे लागला. झाडूवाली बाई झाडताना विचारायची, "झाली का?" शेजारच्या खाटेवरचे हर्नियाचे आजोबा उठताबसता विचारायचे, "झाली का बाप्पा?" दूधवाला, वॉर्डबॉय, कुणाकुणाचे पाहुणे. लाज नावाची गोष्ट दवाखान्याच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवावी लागते, हे ज्यांना पुढे असं काही सोसायचं आहे त्यांनी आधीच जाणून असावं.

बाबांचे दोन तांबे यासाठीच होते. कुणीतरी सांगितलं होतं की पाण्याचा आवाज ऐकला की लघवी होते. ते खाटेशेजारी स्टुलावर बसून एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचे आणि दुसऱ्यातलं पहिल्यात. धार उंचावरून धरायचे. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेला मी, आणि कानाशी ती धार! मी म्हणालो, "बाबा, नोका करू." त्यांना वाटलं उपाय लागू पडतोय. ते आणखी उंचावरून ओतायला लागले.

आणि माय. तान्ह्या लेकराला पायांवर धरून करतात तसं ती माझ्या कानाशी वाकून "शूऽऽ शूऽऽ" करायची. सगळ्यांच्या देखत, मिसरूड फुटलेल्या पोराला. आधी मी तिच्यावर खेकसलो. ती थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा सुरू. शेवटी मी डोळे मिटून ऐकत राहिलो. एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला शूऽऽ. मधून बाबा तिला म्हणाले, "थांब जरा, दम घे," आणि ती त्यांना म्हणाली, "तुमी ओता." भांडणानंतर ते एकमेकांशी नीट बोललेले मी तेव्हा ऐकले.

सकाळ झाली. झाली नाही. नागपूरला जायची गाडी सांगून ठेवली होती. मायनं पिशवी भरली. बाबा अजून ओततच होते, आता सवयीनं, कुणाच्याही आशेशिवाय. आणि माझ्या ओटीपोटात कळ आली. मी म्हणालो, "पॉट."

फार नव्हतं. पॉटचा तळ जेमतेम झाकेल एवढं. गढूळ, तांबूस, घाण वासाचं. पण ते मोजायचं होतं, तपासायचं होतं, डॉक्टरबाईंना दाखवायचं होतं, आणि सिस्टर जागेवर नव्हती. बाबांनी पॉट दोन्ही हातांत घेतला आणि वॉर्डाच्या दाराकडे निघाले. माझी खाट दाराजवळ होती, मला सगळं दिसत होतं.

समोरून हवालदारसाहेब आले. त्या दिवशी शिबिराचा समारोप होता म्हणून पूर्ण गणवेशात. पँटची इस्त्री अशी की भाजी कापावी, छातीवर सगळी पदकं, हातात केळी. बाबांना बघून ते थबकले आणि म्हणाले, "कैसा है अपना जवान?"

बाबांनी पॉट त्यांच्यापुढे धरला.

"धरा."

आयुष्यभर हुकूम दिले-घेतलेला माणूस. त्यानं केळी काखेत मारली आणि पॉट घेतला. मग आत काय आहे ते बघितलं. तोंड वळवलं, इकडेतिकडे बघितलं, कुठं ठेवता येईल का ते पाहिलं. बाबा डॉक्टरबाईंना बोलवायला निघाले होते. दोन पावलं गेल्यावर ते वळले. माझे बाबा, ज्यांनी तलाठ्यासमोरही कधी आवाज चढवला नाही, ते म्हणाले,

"सांडू नोका साहेब. माया पोराचा जीव हाय त्याच्यात."

डॉक्टरबाई येईपर्यंत हवालदारसाहेब तसेच उभे होते, दोन्ही हातांनी पॉट धरून.